युद्ध संपते, मौन उरते
सिएरा लिओनच्या यादवीनंतरचे प्रेम आणि आघात यांची कथा सांगणारी अमिनाटा फोर्ना यांची कादंबरी

पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन या छोट्या देशात १८ जानेवारी २००२ रोजी यादवी युद्ध संपल्याची अधिकृत घोषणा झाली. गोळा केलेली शस्त्रे प्रतीकात्मकरीत्या जाळण्यात आली आणि ‘वॉर डॉन डॉन’, म्हणजे ‘युद्ध संपले’, हे क्रिओ भाषेतील शब्द देशभर उच्चारले गेले. अकरा वर्षांच्या संहारानंतर आलेल्या शांततेचे स्वागत होणे स्वाभाविकच होते. मात्र शस्त्रे खाली ठेवणारे सत्तर हजारांहून अधिक लढवय्ये पुढे कोठे जाणार होते? त्यातील बहुतेकांना त्याच गावांत, त्याच वस्त्यांत परतायचे होते. ज्याने घर जाळले तो आणि ज्याचे घर जळाले तो, दोघे पुन्हा एकाच बाजारात येणार होते, एकाच विहिरीवर पाणी भरणार होते. एकमेकांना पाहून ते काय बोलणार, हा प्रश्न कोणत्याही शांतता करारात लिहिलेला नव्हता.

अमिनाटा फोर्ना यांची ‘द मेमरी ऑफ लव्ह’ ही २०१० साली प्रसिद्ध झालेली इंग्रजी कादंबरी या प्रश्नाभोवती फिरते. या कादंबरीला २०११ चा राष्ट्रकुल लेखक पुरस्कार सर्वोत्कृष्ट पुस्तकासाठी मिळाला आणि त्याच वर्षी ऑरेंज पुरस्काराच्या अंतिम यादीतही तिचा समावेश झाला. नावावरून ती निव्वळ प्रेमकथा वाटते. वाचत गेल्यावर लक्षात येते, की प्रेम हे या कादंबरीत आघात मोजण्याचे साधन आहे. माणसाने कोणावर प्रेम केले, त्या प्रेमासाठी काय केले आणि कशाबद्दल तोंड बंद ठेवले, यातून लेखिका एका समाजाचा इतिहास उलगडते.

अकरा वर्षांची यादवी

कादंबरी समजून घेण्यासाठी तिची पार्श्वभूमी ठाऊक असणे उपयुक्त ठरते. ब्रिटिश वसाहत असलेला सिएरा लिओन २७ एप्रिल १९६१ रोजी स्वतंत्र झाला. राजधानी फ्रीटाउन हे शहर गुलामगिरीतून मुक्त झालेल्या माणसांनी १७९२ मध्ये वसवले. १८२७ मध्ये स्थापन झालेल्या फुरा बे कॉलेजमुळे पश्चिम आफ्रिकेचे विद्याकेंद्र म्हणून त्याची ख्याती होती. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच सियाका स्टीव्हन्स यांच्या हाती सत्ता आली. १९७१ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले, १९७८ मध्ये एकपक्षीय राजवट लागू झाली आणि १९८५ पर्यंत ते सत्तेवर राहिले. विरोधकांना तुरुंग, विद्यार्थ्यांवर पाळत आणि हिऱ्यांच्या व्यवहारात भ्रष्टाचार ही त्या काळाची ओळख ठरली.

मार्च १९९१ मध्ये फोडे सँको याच्या नेतृत्वाखालील ‘रिव्होल्यूशनरी युनायटेड फ्रंट’ या बंडखोर संघटनेने लायबेरियाच्या सीमेवरून देशात प्रवेश केला. त्यानंतर लष्करी उठाव, निवडणूक, पुन्हा उठाव असे चक्र सुरू राहिले. बंडखोरांनी नागरिकांचे हात तोडण्याचे सत्र आरंभले. १९९६ च्या निवडणुकीत मतदान करू पाहणाऱ्यांना धडा शिकवण्यासाठीही हीच क्रूर पद्धत वापरली गेली. लहान मुलांना अमली पदार्थ देऊन लढायला लावण्यात आले, मुली आणि स्त्रियांना पळवून नेण्यात आले. ६ जानेवारी १९९९ रोजी बंडखोर फ्रीटाउनमध्ये घुसले आणि पुढील काही आठवडे शहराने अभूतपूर्व हिंसाचार अनुभवला. या युद्धात सुमारे ५० हजार माणसे मारली गेली आणि वीस लाखांहून अधिक विस्थापित झाली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

भारतीय वाचकाला हे युद्ध अगदीच अपरिचित नाही. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे पहिले सेनाप्रमुख मेजर जनरल विजयकुमार जेटली हे भारतीय होते. मे २००० मध्ये बंडखोरांनी शेकडो शांतिसैनिकांना ओलीस धरले. त्या वेळी कैलाहुन येथे वेढल्या गेलेल्या भारतीय तुकडीची सुटका जुलै २००० मधील ‘ऑपरेशन खुकरी’ या मोहिमेतून करण्यात आली होती. मुंबईच्या हिरेबाजाराला परिचित असलेली ‘किंबर्ली’ प्रमाणपत्र पद्धती २००३ पासून अमलात आली. तिच्यामागेही अँगोला आणि सिएरा लिओन यांसारख्या देशांतील रक्तरंजित हिरेव्यापाराचा अनुभव होता.

तीन पुरुष, दोन काळ

कादंबरीचे कथानक युद्ध संपत आले असतानाच्या फ्रीटाउनमध्ये घडते. एका रुग्णालयात इलायस कोल हा वृद्ध प्राध्यापक मृत्युशय्येवर आहे. श्वास घेण्यासाठीही त्याला प्राणवायूच्या यंत्राची मदत लागते. इंग्लंडहून आलेला एड्रियन लॉकहार्ट हा मानसशास्त्रज्ञ त्याच्या उशाशी बसून त्याची कहाणी ऐकतो. घरी पत्नी आणि मुलगी असलेला एड्रियन इथल्या माणसांना मदत करण्याच्या प्रामाणिक इच्छेने आला आहे. पण त्याच्याकडे रुग्ण फारसे येतच नाहीत. आले तरी डोकेदुखी, निद्रानाश अशा तक्रारी सांगतात आणि युद्धाविषयी बोलत नाहीत. त्याच रुग्णालयात काई मानसारे हा तरुण स्थानिक अस्थिशल्यचिकित्सक रात्रंदिवस शस्त्रक्रिया करीत असतो. इतरांची मोडलेली हाडे जोडणाऱ्या काईला स्वतःला मात्र झोप लागत नाही. शहरातील एका पुलावरून जाणे तो कटाक्षाने टाळतो. त्या पुलावर काय घडले, हे कादंबरी बराच काळ सांगत नाही.

इलायसची कहाणी १९६९ पासून सुरू होते. माणूस चंद्रावर उतरला ते हे वर्ष. विद्यापीठात इतिहास शिकवणारा तरुण इलायस आपला सहकारी ज्युलियस कामारा याच्या पत्नीच्या, साफियाच्या, प्रेमात पडतो. ज्युलियस हा मोकळ्या स्वभावाचा, महत्त्वाकांक्षी अभियंता आहे. इलायस त्याच्या घरी जातो, मैत्री वाढवतो आणि मनात साफियाचीच अभिलाषा बाळगतो. तिच्याविषयीच्या बारीकसारीक नोंदी, तारखा, भेटी तो वहीत टिपून ठेवतो. पुढे सरकारच्या संशयाची वक्रदृष्टी वळते. ज्युलियसला अटक होते, इलायसलाही होते. चौकशी अधिकारी इलायसकडून फार काही मागत नाही. फक्त त्या वह्या मागतो. इलायस त्या देतो. दम्याचा विकार असलेला ज्युलियस कोठडीतच मरण पावतो. काही काळाने इलायस साफियाशी विवाह करतो आणि विद्यापीठातील त्याची प्रगतीही निर्वेध होत जाते.

ही कहाणी इलायस स्वतः सांगतो आणि तिला प्रेमकथेचा वेश देतो. आपण एका स्त्रीवर उत्कट प्रेम केले, बाकी सारे परिस्थितीने घडवले, असे त्याचे म्हणणे. एड्रियन आरंभी त्यावर विश्वास ठेवतो आणि वाचकही ठेवतो. पुढे इलायसची मुलगी मामाके कादंबरीत येते. ती क्लॅरिनेट वाजवणारी, स्पष्टवक्ती स्त्री असून वडिलांशी तिचे संबंध जवळपास तुटलेले आहेत. एड्रियन तिच्या प्रेमात पडतो. काईचेही तिच्यावर एके काळी प्रेम होते आणि ते पूर्णपणे सरलेले नाही, हेही हळूहळू उघड होते. दोन पिढ्यांमधील दोन प्रेमत्रिकोण अशा रीतीने एकमेकांसमोर उभे राहतात आणि त्यांच्या मध्ये अकरा वर्षांचे युद्ध येते. या गुंत्याचा शेवट काय होतो, हे मुळातूनच वाचणे योग्य ठरेल.

घरातला इतिहास

फोर्ना यांनी या कादंबरीची सुरुवात युद्धापासून न करता १९६९ पासून का केली, याचे उत्तर त्यांच्या चरित्रात काही अंशी सापडते. १९६४ मध्ये स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या फोर्ना यांची आई स्कॉटिश, तर वडील मोहम्मद फोर्ना सिएरा लिओनचे. वडील व्यवसायाने डॉक्टर होते. राजकारणात येऊन ते स्टीव्हन्स यांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. वाढता भ्रष्टाचार आणि दडपशाही यांच्याशी मतभेद झाल्याने १९७० मध्ये त्यांनी राजीनामा दिला. १९७४ मध्ये त्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली आणि जुलै १९७५ मध्ये अन्य काही जणांसह त्यांना फाशी देण्यात आली. अटकेच्या वेळी अमिनाटा दहा वर्षांच्या होत्या.

पंचवीस वर्षांनंतर त्या या प्रकरणाचा शोध घेण्यासाठी फ्रीटाउनला गेल्या. खटल्यात साक्ष देणाऱ्यांना त्या भेटल्या आणि त्या साक्षी दबावाखाली रचल्या गेल्याचे त्यांना आढळले. ‘द डेव्हिल दॅट डान्स्ड ऑन द वॉटर’ या २००२ मधील आठवणींच्या पुस्तकात त्यांनी हा शोध मांडला आहे. इलायस कोल हे पात्र या अनुभवाच्या प्रकाशात वाचले, की त्याचे महत्त्व कळते. तो कोणाचा खून करीत नाही, कोणाचा छळ करीत नाही, तो सत्ताधारीही नाही. तो सुशिक्षित, सभ्य आणि सावध आहे. आपल्याला काय ठाऊक आहे हे न बोलण्याची कला त्याला साधली आहे. अशा असंख्य सावध माणसांच्या आधारावरच १९७० च्या दशकातील राजवट टिकली आणि त्या राजवटीने निर्माण केलेल्या पोकळीतच पुढचे युद्ध पेटले, असे कादंबरी सुचवते.

हे केवळ ललित लेखिकेचे मत नाही. युद्धानंतर स्थापन झालेल्या सत्य आणि सलोखा आयोगाने २००४ मध्ये सादर केलेल्या अहवालातही युद्धाची मुळे अनेक वर्षांच्या कुशासनात, भ्रष्टाचारात आणि मूलभूत हक्कांच्या गळचेपीत असल्याचा निष्कर्ष काढला होता. हिऱ्यांनी युद्धाला इंधन पुरवले, पण आग लागली ती अन्यत्र.

अ‍ॅग्नेस का भटकते?

कादंबरीतील सर्वांत विदारक कथा अ‍ॅग्नेस या प्रौढ स्त्रीची आहे. ती अधूनमधून घर सोडून निघते, मैलोन्‌मैल चालत राहते आणि भानावर आल्यावर आपण इथे कसे आलो हे तिला आठवत नाही. गावकऱ्यांच्या मते तिच्यावर आत्म्यांचा संचार होतो. एड्रियनला त्यात वैद्यकीय साहित्यातला जुना विकार दिसतो. त्याला ‘फ्यूग’ असे नाव आहे. हा शब्द मूळचा ‘पलायन’ या अर्थाचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील बोर्दो शहरात आल्बेर दादा नावाचा वायुवाहिनी जोडणारा कामगार अशाच अवस्थेत देशोदेशी भटकत असे. डॉक्टर फिलिप तिसिए यांनी १८८७ मध्ये आपल्या प्रबंधात त्याची नोंद केली आणि काही काळ हे निदान युरोपात गाजले.

अ‍ॅग्नेसच्या बाबतीत निदानाचा शब्द सापडतो, कारण मात्र सापडत नाही. ते अखेर काईला समजते, कारण तो तिथल्या माणसांची भाषा जाणतो आणि ऐकत बसण्याची त्याची तयारी आहे. युद्धात अ‍ॅग्नेसच्या पतीची तिच्या डोळ्यांदेखत हत्या झाली. शांतता झाल्यावर ती निर्वासित छावणीतून परतली, तेव्हा तिची मुलगी विवाहित झाली होती. जावयाला पाहताच अ‍ॅग्नेसने ओळखले, की हाच तो मारेकरी. मुलीला हे ठाऊक नाही. शेजाऱ्यांना ठाऊक आहे; पण कोणी बोलत नाही. बोलले तर मुलीचा संसार उद्ध्वस्त होणार, न बोलले तर आईला रोज त्याच घरात त्याच माणसासोबत जेवायचे आहे. अशा वेळी मन जी वाट काढते, तीच तिची भटकंती.

या एका प्रसंगात कादंबरीचा आशय एकवटला आहे. मुलीवरील प्रेमानेच आईचे तोंड बंद केले आहे. इलायसचे मौन आणि अ‍ॅग्नेसचे मौन वरवर सारखे दिसत असले, तरी त्यांत मोठे अंतर आहे. एक मौन स्वतःला वाचवण्यासाठी, तर दुसरे आपल्या माणसाला वाचवण्यासाठी पाळलेले. समाज मात्र दोघांनाही सारखाच गप्प दिसतो आणि त्यामुळे दोषी कोण व पीडित कोण, हे बाहेरून आलेल्याला ओळखता येत नाही.

‘विवाह’ या शब्दाआड युद्धात काय काय दडले होते, याची दखल कायद्यानेही घेतली. बंडखोर ज्या मुलींना पळवून नेत, त्यांना ते ‘बायको’ म्हणत. सिएरा लिओनसाठी स्थापन झालेल्या विशेष न्यायालयाच्या अपील पीठाने २००८ मध्ये सक्तीचा विवाह हा मानवतेविरुद्धचा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो, असा निर्णय दिला आणि २००९ मध्ये बंडखोर नेत्यांना या गुन्ह्यासाठी दोषी ठरवण्यात आले. आंतरराष्ट्रीय न्यायव्यवस्थेत असे प्रथमच घडले. याच न्यायालयाने लायबेरियाचे माजी राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर यांना २०१२ मध्ये पन्नास वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली. अ‍ॅग्नेसच्या जावयासारखी सामान्य माणसे मात्र या न्यायालयाच्या कक्षेबाहेरच राहिली. १९९९ च्या लोमे करारात लढवय्यांना सरसकट माफी देण्यात आली होती. विशेष न्यायालयाला ही माफी बंधनकारक नव्हती, तरी त्याचे काम मोजक्या प्रमुख आरोपींपुरते मर्यादित होते.

आजार की जगणे?

युद्धाने ग्रासलेल्या माणसाच्या मनाला ‘आघातोत्तर तणाव विकार’ जडतो, ही संकल्पना आता सर्वपरिचित आहे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसूचीत तिला १९८० मध्ये स्थान मिळाले. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचा अनुभव त्यामागे होता. १९९९ च्या हल्ल्यानंतर काही महिन्यांतच ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेने फ्रीटाउनमध्ये २४५ जणांची पाहणी केली. त्यातील ९९ टक्के लोकांमध्ये तीव्र आघाताची लक्षणे आढळल्याचे तिने नमूद केले.

कादंबरीत मनोरुग्णालयाचा प्रमुख अटिला हा अशाच एका पाहणीचा उल्लेख एड्रियनजवळ करतो. जवळपास सर्वच माणसांना जे जडले आहे त्याला विकार म्हणायचे की इथले जगणे म्हणायचे, हा त्याच्या बोलण्याचा रोख. उपचार घेऊन माणसे बरी होतील, पण ती परत जाणार कोठे? गरिबी तीच, बेकारी तीच, शेजारीही तेच. बाहेरून आलेला तज्ज्ञ ‘सामान्य’ म्हणून जी अवस्था गृहीत धरतो, ती या देशात युद्धापूर्वी तरी किती जणांना लाभली होती?

अटिलाचे रुग्णालय वाचताना फ्रीटाउनमधील किसी येथील मनोरुग्णालय डोळ्यांसमोर येते. १८२० मध्ये स्थापन झालेली ही संस्था आफ्रिकेच्या सहारापलीकडील भागातील सर्वांत जुन्या मनोरुग्णालयांपैकी एक मानली जाते. युद्धकाळात आणि त्यानंतरची अनेक वर्षे साऱ्या देशात मिळून एकच मनोविकारतज्ज्ञ होता. औषधांचा तुटवडा असे आणि रुग्णांना साखळ्यांनी बांधून ठेवले जाई. २०१८ नंतरच्या सुधारणांत या साखळ्या निघाल्या, इमारतीचे नूतनीकरण झाले आणि तिथे नव्या डॉक्टरांचे प्रशिक्षणही सुरू झाले. अटिला हे पात्र फोर्ना यांच्या ‘हॅपिनेस’ या २०१८ मधील कादंबरीत पुन्हा भेटते. आघात झालेला प्रत्येक माणूस कायमचा मोडलेलाच असतो का, हा प्रश्न तिथे अधिक ठळकपणे मांडला आहे.

बोलावे की विसरावे?

कादंबरी वाचून झाल्यावर मनात राहतो तो बोलण्याचा प्रश्न. सत्य सांगितल्याने मन हलके होते, समाज सावरतो, अशी एक प्रचलित धारणा आहे. दक्षिण आफ्रिकेच्या अनुभवानंतर ती जगभर रुजली आणि सिएरा लिओनमधील आयोगही त्याच धारणेवर उभा होता. मानववंशशास्त्रज्ञ रोझलिंड शॉ यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र वेगळे चित्र मांडले. सिएरा लिओनच्या अनेक भागांत लोकांना जाहीर साक्षी नको होत्या. घडलेल्या गोष्टींचा उच्चार न करणे, बाललढवय्यांना धार्मिक विधी आणि प्रार्थना यांच्याद्वारे पुन्हा सामावून घेणे, ही त्यांची स्वतःची पद्धत होती. हिंसेचा उच्चार केल्याने ती पुन्हा जागी होते, अशी तिथे अनेकांची भावना होती. म्हणजे मौन हे केवळ भीतीचे लक्षण नव्हते. एकत्र राहण्यासाठी निवडलेला तो मार्गही होता.

दुसरीकडे, २००८ पासून ‘फाम्बुल टोक’ हा उपक्रम गावोगाव सुरू झाला. क्रिओ भाषेतील या शब्दांचा अर्थ ‘कुटुंबातले बोलणे’. रात्री शेकोटीभोवती गाव जमते, पीडित आपली कहाणी सांगतो, अपराधी पुढे येऊन क्षमा मागतो. या उपक्रमाचा दोनशे गावांतील अभ्यास २०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याचे निष्कर्ष विचार करायला लावणारे आहेत. ज्या गावांत अशा सभा झाल्या, तिथे क्षमाशीलता वाढली, परस्परसंबंध दृढ झाले, सार्वजनिक कामांना लोक अधिक हातभार लावू लागले. त्याच गावांतील माणसांमध्ये नैराश्य, चिंता आणि आघाताची लक्षणेही वाढली आणि हा परिणाम जवळपास अडीच वर्षांनंतरही दिसत होता. समाजाला जे औषध लागू पडले, त्याची किंमत व्यक्तीने मोजली.

हा अभ्यास कादंबरीनंतर सहा वर्षांनी आला. पण अ‍ॅग्नेसच्या घरातील पेच आणि या निष्कर्षांतील पेच एकच आहे. तिने बोलावे, असे म्हणणे सोपे आहे. बोलल्यानंतरच्या रात्री तिच्याजवळ कोण असेल, हे सांगणे कठीण. कादंबरी याचे सोपे उत्तर देत नाही. ती एवढेच दाखवते, की ऐकणाऱ्याची पात्रता ही बोलण्याइतकीच महत्त्वाची असते. एड्रियन प्रामाणिक आहे, अभ्यासू आहे. पण त्याला परतीचे विमान कधीही मिळू शकते. काई स्वतः जखमी आहे आणि अमेरिकेत स्थायिक झालेला मित्र त्यालाही बोलावतो आहे. जाणे आणि राहणे यांतील त्याची निवड म्हणूनच कादंबरीत निर्णायक ठरते.

मर्यादा आणि महत्त्व

कादंबरीत काही उणिवाही जाणवतात. कथानकातील योगायोग थोडे अधिक आहेत. एकाच स्त्रीशी तीनही प्रमुख पुरुषांचा संबंध जुळणे काही वाचकांना रचलेले वाटू शकेल. साडेचारशेच्या आसपास पृष्ठांचा हा ऐवज संथ लयीत पुढे सरकतो आणि आरंभीची बरीच पाने वाचकाच्या चिकाटीची परीक्षा घेतात. सारी कथा इलायस, एड्रियन आणि काई या तीन पुरुषांच्या नजरेतून येते. साफिया, मामाके आणि अ‍ॅग्नेस यांच्याविषयी वाचक इतरांकडूनच ऐकतो. ही उणीव म्हणता येईल. तथापि, ज्या मौनाविषयी कादंबरी बोलते त्याचाच हा एक भाग आहे, असेही वाचता येते. ज्यांनी सर्वाधिक सोसले, त्यांची कहाणी अखेरपर्यंत दुसऱ्यांच्याच तोंडी राहते.

फोर्ना यांनी हाच विषय पुढे ‘द हायर्ड मॅन’ या २०१३ मधील कादंबरीत वेगळ्या भूमीवर नेला. ती कथा युद्धोत्तर क्रोएशियातील एका छोट्या गावात घडते. तिथेही शेजाऱ्याने शेजाऱ्याशी काय केले, हे सर्वांना ठाऊक आहे आणि कोणी बोलत नाही. देश बदलला, खंड बदलला, तरी मौनाची रीत बदलली नाही.

सिएरा लिओनने २०२१ मध्ये फाशीची शिक्षा रद्द केली. मोहम्मद फोर्ना यांना ज्या कायद्याच्या आधारे फासावर चढवले गेले, त्यातील ती तरतूद आता इतिहासजमा झाली आहे. युद्ध संपल्यावर जन्मलेली पिढी आज तिथे मतदान करते आहे. त्या पिढीतील कित्येकांच्या घरात आजी किंवा आई अशी असेल, जी एखाद्या नावाचा उल्लेख होताच उठून आत जाते. तिला काय विचारायचे, कधी विचारायचे आणि विचारायचे की नाही, हे ठरवणे आता त्या मुलामुलींच्या हाती आहे.